गुणांसाठी केलेली सेवा

'गुण' हा आपल्या भाषेतला मोठा मौजेचा शब्द आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि संतांच्या अंगी वसतात तेही गुण. पहिले मोजता येतात, दुसरे मोजता येत नाहीत. हल्ली महाविद्यालयात शिकणारी मुले नदीकाठ झाडताना दिसतात, निर्माल्य गोळा करतात, पालखीच्या मुक्कामावर उष्ट्या पत्रावळी उचलतात. ते पाहून आपल्यातलीच काही जाणती माणसे म्हणतात, "ही कसली सेवा? मुले प्रमाणपत्रासाठी येतात. ज्या कर्माच्या पोटात फळाची आशा आहे, त्याला सेवा म्हणावे काय?" हा पूर्वपक्ष हलका नाही. गीतेचा तिसरा अध्याय ज्याच्या कानावरून गेला आहे, त्याच्या मनात तो उभा राहणारच. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

आधी मुले करतात काय ते पाहू. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास समाजाच्या कामाला द्यावयाचे आणि सात दिवसांचे एक शिबिर करावयाचे, असा तिचा नेम आहे. तिचे ब्रीद आहे 'मी नव्हे, तुम्ही'. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, वयाने लहान असलेल्यालाही माऊली म्हणतो, त्याचा अर्थ तरी दुसरा काय? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुले 'स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी' असे म्हणत पालखीच्या वाटेवर राबतात, तेव्हा ती आपल्याच वाटेवर असतात.

आता आमच्या नारायण पेठेची गोष्ट. पत्र्या मारुतीपासून नदीकडे उतरावे की थोडक्या पावलांवर मुठा येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ही नदी आमच्या वाड्यांतून वाहिली. त्या पुरात पडलेल्या भिंती माझ्या वयाची माणसे अजून विसरलेली नाहीत. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो. पाणी ओसरल्यावर काठाच्या झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबताना दिसतात. त्यांतल्या कितीतरी पिशव्यांत हार, दूर्वा आणि समईच्या वाती असतात. त्या कोणा नास्तिकाने टाकलेल्या नाहीत, तुमच्या-आमच्या देवघरातून निघालेल्या आहेत.

वारकऱ्याने येथे एक भूगोल ध्यानात धरावा. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे दौंडच्या अलीकडे भीमेत जाते. आळंदी-देहूची इंद्रायणी तुळापूरला आधीच भीमेला मिळालेली असते. हीच भीमा उजनीच्या धरणातून पंढरपुरी पोचते आणि तेथे चंद्रभागा होते. म्हणजे अष्टभुजेच्या घाटावर आपण जे पाण्यात सोडतो, ते आपल्याही आधी पंढरीच्या वाटेला लागते. आषाढीला आपण ज्या पाण्यात बुडी मारतो, त्यात आपल्या पेठेचाही वाटा असतो. विसर्जनाच्या दिवशी घाटावर उभे राहून "काका, निर्माल्य इकडे द्या" म्हणणारा पोरगा चंद्रभागेचीच राखण करीत असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

पण पूर्वपक्ष अजून उभाच आहे. पोरगा गुणांसाठी आला, त्याचे काय?

पन्नास वर्षे कीर्तन केल्यावर मला याचे उत्तर काल्याच्या लाह्यांत सापडते. काल्याच्या कीर्तनाला मुले कशासाठी येतात? लाह्यांसाठी. कीर्तनभर त्यांचे डोळे त्या पातेल्यावर असतात. म्हणून कोणी त्यांना मंडपाबाहेर काढीत नाही. दोन-चार वर्षे ती लाह्यांसाठी येतात, मग त्यांतला एखादा टाळ हाती घेतो, आणि एक दिवस काला वाटून संपला तरी तो विण्याजवळ बसून असतो. सकाम माणसाला निष्काम होण्याची वाट कामाच्या आतूनच जाते. फळाची आशा धरून आलेला आत येऊ नये असे म्हटले, तर मंदिरात तुम्ही-आम्ही तरी कोठे असतो?

मात्र जे काम मूल मनाविरुद्ध, धाकाने करते, तिथे वेठ होते, सेवा नाही. गुणांच्या लोभाने आलेल्याला वाट दाखविता येते. ओढून आणलेला मात्र सुटका कधी होते एवढेच पाहतो. शिक्षकांनी हा भेद जाणावा.

आणि गुणांवरच थांबले तर? त्याचे उत्तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. ज्ञानाची लक्षणे सांगताना आरंभ अमानित्वापासून होतो, मग अदंभित्व, मग अहिंसा, आणि पुढे शौच येते. आतबाहेर निर्मळ असणे हे ज्ञानाचे लक्षण खरे, पण मान न मागणे त्याच्याही आधी आले आहे, हा क्रम विसरू नये. अदंभित्व समजाविताना माऊलींनी शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे. तो पेरलेले बी मातीने झाकतो, तसे आपले दानपुण्य झाकावे. उघडे टाकलेले बी पाखरे टिपतात. अर्धा तास झाडून तासभर छायाचित्रे काढणाऱ्याचे बी असेच जाते. त्याच अध्यायात अहिंसा सांगताना माऊली जलाशयावरची लाटही न मोडणारे पाऊल दाखवितात. पाण्याशी कसे वागावे याचा याहून नाजूक धडा मी कोठे वाचला नाही.

आमच्या आळीतला एक विद्यार्थी पहिल्या वर्षी घाटावर गेला तो तासांची वही घेऊन. कुजक्या फुलांच्या वासाने त्याला दोनदा उलटी झाली. निर्माल्य वेगळे करायला शेजारी एक कचरावेचक बाई होत्या. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून अशा कष्टकऱ्यांची संघटना चालविते. त्या बाईंचे हात झरझर चालत आणि याचे अडखळत. तिसऱ्या दिवशी तो त्यांना "मावशी" म्हणू लागला. पुढल्या वर्षी त्याचे २४० तास भरले. त्यानंतरच्या गणपतीत मी त्याला विचारले, "आता कशाला जातोस रे?" तो म्हणाला, "आजोबा, मी गेलो नाही तर मावशीला एकटीला पिशव्या सोडाव्या लागतात." त्याच्या घरातून आता निर्माल्य पिशवीत बांधून कोठे जात नाही. कुंडीतल्या मातीत जिरते आणि तुळशीला मिळते. देवाच्या अंगावरचे फूल पुन्हा देवाच्या दारी येते.

विद्यार्थ्याची वाढ म्हणतात ती ही. कोणी मोजीत नसताना तो गेला. घरचे वळण बदलले. आणि ज्या बाईकडे पूर्वी त्याचे लक्षही जात नव्हते, तिच्या कष्टाची त्याला काळजी लागली. या तीन खुणा दिसल्या की परीक्षेतल्या गुणांतून अंगचे गुण उगवले असे समजावे. प्रमाणपत्रावर यांतले काहीच लिहिलेले नसते.

गाडगेबाबा आपल्या सर्वांना वंदनीय आहेत. १८७६ साली जन्मलेल्या या पुरुषाने २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला, तोवर त्याचा क्रम एकच होता. गावात शिरताच आधी खराटा आणि रात्री कीर्तन. शाळेत न शिकलेल्या बाबांना कोणी गुण दिले नव्हते. आम्ही कीर्तनकारांनी त्यांचे कीर्तन आठवणीत ठेवले आणि खराटा मुलांच्या हाती दिला, हे मात्र मला सलते.

म्हणून शेवटी प्रश्न मुलांच्या हेतूपाशी थांबत नाही, तो आपल्यापर्यंत येतो. आपण पुण्यासाठी फुले पाण्यात सोडायची आणि मुलाने गुणांसाठी ती वेचायची, यात फळाची आशा जास्त कोणाला आहे? यंदा पालखी पुण्यात मुक्कामाला येईल तेव्हा जेवण झाल्यावर आपली पत्रावळ आपण उचलावी. घरचे निर्माल्य मातीत द्यावे. आणि घाटावर मुले उभी असतील तर त्यांना उपदेश करू नये. अर्धा तास त्यांच्याशेजारी उभे राहून पिशव्या सोडवाव्यात. त्यांच्या वहीत आपले नाव कोणी लिहिणार नाही, हे उत्तमच आहे.

रामकृष्ण हरी.