भांडी कोण घासतं?

बस. चहा घे, तोवर मी बोलतो. सकाळी तू दहावीच्या वर्गात वीस मिनिटं बोललास, तेव्हा मी मागच्या बाकावर गप्प बसलो होतो. पोरांसमोर पाहुण्याचा कान धरायचा नसतो. आता पोरं नाहीत.

वर्गात म्हणालास, "या देशात काही राहिलं नाही." आणि आत्ता पायरीवर चपला काढता काढता म्हणालास, "पण सर, सुख आपल्या गोंदियातच. तिथं जर्मनीत भांडी आपणच घासायची, संडासही आपणच धुवायचा." एका दिवसात दोन निकाल! नववीत बीजगणितालाही हेच करायचास. आधी उत्तर लिहायचं आणि मग त्याला साजेशी रीत जुळवायची.

दोन्ही उत्तरांत माणूस एकच आहे, तो म्हणजे तू. गाडी चुकली की तुझी अडचण, खरकटी भांडी पडली की तुझीच अडचण. तुमच्याकडे जी बाई भांडी घासायला येते, ती या हिशोबात कुठाय? दुपारी घरी जाऊन ती तेंदूच्या पानाच्या बिड्या वळते, हे ठाऊक आहे तुला? चार दिवस झाले येऊन, तिच्याशी एक वाक्य बोललास?

गोंदियात तुला सुख स्वस्त पडतं, कारण इथं माणूस स्वस्त आहे. तुझ्या स्टुटगार्टला माणूस महाग आहे, म्हणून तुला हात ओले करावे लागतात. ज्याला तू तिथली गैरसोय म्हणतोस, तीच त्या देशाची श्रीमंती आहे रे.

हिशोब मांडतो, मान डोलवू नकोस, तपास. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. जर्मनीत 2025 साली किमान वेतन तासाला 12.82 युरो, आठ तासांचे 102 युरो. युरो 90 रुपयांना धरला तरी नऊ हजारांच्या वर गेलं. म्हणजे जवळपास तीस पट. तू इथेच थांबतोस आणि घरी फुशारकी मारतोस. तिथले भाव इथल्या तिप्पट धर, तरी दहा पट उरतात. तीस खोटे आहेत, दहा खरे आहेत, आणि दहा काही कमी नाहीत. शिवाय कायद्याने वर्षाला चार आठवडे पगारी रजा, आजारी पडल्यास सहा आठवडे पूर्ण पगार. तिथेही घरकाम करणाऱ्या पुष्कळ बायका कागदाविना राबतात, मला माहीत आहे. पण दाद मागायला दार तरी आहे. आपल्या बाईने चार खाडे केले तर तुझी आई काय म्हणते, ते मी या गल्लीत राहून ऐकलेलं आहे.

केस कापायला पंचवीस युरो जातात म्हणून रडलास. ते कापणाऱ्याचं घर त्यावर चालतं. पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापला जातो म्हणून कुरकुरलास. मग ज्या फूटपाथचं पोरांपुढे कौतुक केलंस, तो काय आभाळातून पडला? आपल्याकडे 2023 साली रस्त्यांवर 1 लाख 72 हजारांहून जास्त माणसं मेली. जर्मनीत सुमारे 2,800. लोकसंख्येत आपण सतरा पट आणि मरणात साठ पट. हे वर्गात सांगितलं असतंस तर मी टाळी वाजवली असती. तू सांगितलंस काय, तर तिथल्या रेल्वेची वक्तशीर गाडी! 2024 साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62 टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात. ज्या देशात राहतोस त्याचीही नीट माहिती नाही.

आणि गोंदियाला "मागास" म्हणालास, तेही पुढच्या बाकावरच्या मुलींसमोर. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया होत्या. अख्ख्या महाराष्ट्रात 929. पैशाने पुढारलेल्या कितीतरी जिल्ह्यांना हे जमलं नाही. मुलीला जगू देणं हे जीवनमानात येतं की नाही?

जीवनमान मोजायची फूटपट्टी 1990 मध्येच तयार झाली आहे, मानव विकास निर्देशांक. अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन उत्पन्नाच्या शेजारी आयुष्य आणि शिक्षण मांडलं. त्या निर्देशांकाच्या 2025 च्या अहवालात भारत 130वा, जर्मनी पाचवा. मानलं. पण तीही सरासरीच. त्यात ती बाई दिसत नाही. म्हणून ती शोधायला आपले डोळे लागतात.

"आपण गरीब, आपल्याला कसं परवडणार," हे आता म्हणू नकोस. जर्मनीने कामगारांचा आजारविमा 1883 साली काढला, तेव्हा तो आजचा जर्मनी नव्हता. आपण तर 72 च्या दुष्काळात होरपळलेलो असताना मजुराला काम मागण्याचा हक्क देण्याच्या वाटेला लागलो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तो धरून ठेवला, 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, आणि देशाने तो 2005 ला उचलला. तिजोरी भरायची वाट या महाराष्ट्राने तेव्हा पाहिली नव्हती.

तू हुशार आहेस, म्हणूनच बोलतोय. मठ्ठ असतास तर चहा पाजून वाटेला लावला असता. शनिवारी सकाळची शाळा आहे, साडेसातला ये. वीस मिनिटं पुन्हा देतो. पण त्याआधी त्या बाईला तिची कमाई विचार, बिड्यांची आणि भांड्यांची वेगवेगळी, आणि ते आकडे फळ्यावर लिही. तुझ्या आईला सांगून तिच्या महिन्याच्या चार पगारी सुट्ट्या ठरवून टाक. पैसे तू पाठव, नव्वदने गुणलेले तुला जड नाहीत.

झाला चहा? मोरी तिकडे आहे. कप विसळून ठेव. आमच्याकडे बाई नाही.