स्मरणासक्ती

१९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले, आणि त्या उन्हाळ्यात, जेथे मामलेदार कचेरी हीच काय ती भव्य इमारत अशा आमच्या तालुक्याच्या गावी, रविवारी सकाळी ओसरीवरील कृष्णधवल संचाला झेंडूचा हार घालून सारी आळी त्यापुढे बसली असता, आंबे पिळून कोपरापर्यंत पिवळे झालेले हात पदराला लागू नयेत म्हणून ते न जोडताच आजीने पडद्यावरील रामापुढे मस्तक लववले, तेव्हा तो नमस्कार कोणास पोहोचला, हा प्रश्न त्या सुट्टीची ओढ लागली की मनात उभा राहतो.

अशा ओढीतून जागणाऱ्या स्मृतीला न्यायदर्शनाचे नैयायिक प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानीत नाहीत. त्यांच्या दरबारी तिचा दाखला ग्राह्य नाही. विरक्तांच्या लेखी तर ही ओढ मोहच. परंतु नारदभक्तिसूत्रांनी भक्तीच्या ज्या अकरा आसक्ती सांगितल्या, त्यांत स्मरणासक्ती आहे, आणि शेवटी परमविरहासक्तीही आहे. मला ही गणना मानवी अंतःकरणाच्या अधिक निकटची वाटते. मात्र ज्यांना ओसरीवर घेतले जात नसे आणि जे अंगणातील उन्हात उभे राहूनच रामदर्शन घेत, त्यांचा विसर पाडून केवळ गोडवा जपणाऱ्या माझ्या स्मरणाला भक्तीचे नाव द्यावे काय, याविषयी मी अद्याप साशंक आहे.