राखण आणि पारध

प्राणी मारावा कीं मारूं नये, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. परंतु मारावयाचाच झाला तर तो कसा मारावा, हा प्रश्न मात्र आपण बहुधा पारध्यावर सोंपवून मोकळे होतों. साधन ही केवळ सोयीची बाब आहे, नीतीचा संबंध काय तो हेतूशीं, असा समज या उदासीनतेच्या मुळाशीं असावा. पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या तालुक्यांसारख्या मुलुखांतील रानडुकराच्या पारधीचा विचार केला असतां हा समज टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम त्या भूमीकडे पाहूं. हा मुलूख सह्याद्रीच्या उतारावरचा. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. मोखाडा त्याला लागूनच. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथील मुख्य रहिवासी. पावसाळ्यांत पाऊस कोसळतो आणि उतारावरून वाहूनही जातो. उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. खाचरांत भात, वरकस जमिनींत नागली व वरी, जोडीला उडीद व खुरासणी, एवढेंच पीक. आणि तेंही बहुतेकांचें वर्षांतून एकदांच. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी भागांत कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष या मुलुखाकडे गेलें. अशा ठिकाणीं नागली निसवली असतां एका रात्रीं डुकरांचा कळप शेतांत शिरला, तर तो खातो थोडें, पण तुडवितो व उकरतो पुष्कळ. सकाळीं शेतकऱ्यापुढें जी उजाड जमीन दिसते, ती त्याला वीटभट्टीची वाट दाखविते. हें नुकसान रुपयांत मोजणें सोपें आहे. परंतु त्या घरीं तें घांसांत मोजलें जातें.

रानडुक्कर हें तरी येथें उपरें नव्हे. ऑस्ट्रेलियांत व अमेरिकेंत युरोपीय वसाहतवाल्यांनीं नेलेलीं पाळीव डुकरें रानांत सुटून माजलीं. तेथें त्यांना परके शत्रु समजून हेलिकॉप्टरमधूनही गोळ्या घालतात. आपल्याकडे मात्र हें जनावर मूळचेंच रहिवासी आहे. तें बिबट्याचें भक्ष्य आहे, आणि पृथ्वीला पाण्यांतून वर काढण्यासाठीं विष्णूनें त्याचेंच रूप घेतलें असें आपलीं पुराणें सांगतात. तेव्हां ‘उपद्रवी’ हा शब्द उच्चारला म्हणजे विचार संपला, असें मानतां येत नाहीं. एका बाजूस वर्षाचा घांस व दुसऱ्या बाजूस रानाचा जुना धनी, असा हा दोन न्याय्य दाव्यांचा झगडा आहे.

आतां साधनें पाहूं. पहिलें साधन राखण. माळा उभारून, डबे बडवून, शेकोटी पेटवून, गोफण फिरवून रात्र जागावयाची. तींत कोणी मरत नाहीं. पण दिवसभर राबलेल्या माणसाची झोंप जाते, आणि ही जागल एक-दोन रात्रींची नसून पीक घरीं येईपर्यंतची असते. दुसरें साधन हाका. माणसें कुत्रीं घेऊन रान उठवितात, डुक्कर ठरलेल्या वाटेनें बाहेर पडतें, तेथें वाघर ताणलेली असते किंवा भाला घेऊन कोणी उभा असतो. चवताळलेलें डुक्कर सुळ्यानें माणसाची मांडी फाडूं शकतें; म्हणून येथें मारणारा समोर उभा असतो, आपण काय मारतों तें पाहतो, आणि स्वतःचा जीवही पणास लावतो. इंग्रज अंमलदारांनीं घोड्यावरून भाल्यानें डुक्कर मारण्याचा खेळच केला होता. बेडन-पॉवेलनें १८८९ मध्यें त्यावर पुस्तकही लिहिलें. त्या खेळाचें कौतुक करण्याचें आम्हांस कारण नाहीं. तेथें मौज हाच हेतु होता. तरी त्याला नियम होते, आणि मारणाऱ्याला सर्वच कांहीं क्षम्य नाहीं एवढी कबुली कोणत्याही नियमांत असतेच.

तिसऱ्या प्रकारांत मात्र मारणारा तेथें नसतोच. ब्रेकच्या तारेचा फास, शेताच्या कडेच्या तारेंत सोडलेली वीज, किंवा खाद्यांत लपविलेली स्फोटक दारू, हीं त्याचीं साधनें. फासांत सांपडलेलें जनावर रात्रभर ओढीत राहतें व तार मांसांत रुतत जाते. स्फोटकानें जबडा फुटलेलें उपासानें मरतें. शिवाय हीं साधनें आंधळीं आहेत. फासाला बिबट्या, भेंकर व शेजाऱ्याचें वासरूं सारखेंच. विजेला तर पहाटे शेतावर निघालेला मनुष्यही. २०२० च्या मे महिन्यांत केरळांतील पालक्काड जिल्ह्यांत एक गाभण हत्तीण स्फोटकानें तोंड फुटून नदीच्या पाण्यांत उभी असतां मेली. तेथें असें स्फोटक खाद्य रानडुकरांसाठीं ठेवीत असत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुकराची विनापरवाना शिकार गुन्हा ठरविली. हेतु निर्विवाद चांगला. उभ्या पिकाची नासाडी करणारें जनावर लेखी परवानगीनें मारण्याची सवलतही त्या कायद्यांत आहे, आणि महाराष्ट्रांत पिकाच्या नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. पण अर्ज व पंचनामा यांना लागणारा वेळ डुकराला लागत नाहीं. मग मारणें लपून येतें. हाका लपवितां येत नाहीं, त्याचा गलका चहूंकडे ऐकूं जातो. फास मात्र मुका असतो. म्हणजे जें साधन अधिक क्रूर, तेंच भिणाऱ्याला अधिक सोयीचें. याच जिल्ह्यांत, मनोरजवळील बोरशेतीच्या रानांत, २०२५ च्या जानेवारींत कांहीं गांवकरी डुकराच्या शिकारीस गेले असतां एकानें डुक्कर समजून गोळी झाडली व त्यांचाच सोबती ठार झाला. पोलिसांकडे न जातां प्रेत झुडुपांत दडविण्यांत आलें, असें पोलिसांनीं सांगितलें. गोळी चुकून लागूं शकते. प्रेत चुकून दडविलें जात नाहीं. ज्या कृत्याचा आरंभच लपविण्यानें होतो, त्यांतील अपघातही लपवावा लागतो.

महाभारताच्या वनपर्वांतील धर्मव्याध हा मिथिलेचा मांसविक्रेता. डुकराचें व रेड्याचें मांस विकणारा हा मनुष्य तपस्वी कौशिकास धर्म शिकवितो. शेतीला लोक साधु कर्म म्हणतात, पण नांगराखालीं किती जीव मरतात, याची तो त्याला आठवण देतो. यांत हिंसेला मोकळीक आहे असें समजणें चुकीचें होईल. हिंसेपासून सर्वस्वी अलिप्त असा कोणीच नाहीं, म्हणून प्रत्येकानें आपला वांटा ओळखावा, हें त्याचें मर्म. बेंथमनें अठराव्या शतकाच्या अखेरीस निराळ्या वाटेनें विचार केला: प्राण्यांना बुद्धि आहे कीं नाहीं हें गौण, वेदना होते कीं नाहीं हें मुख्य. दोघांचें म्हणणें एकत्र घेतलें तर साधनाची कसोटी हातीं येते. मरण किती लांबतें, त्यांत आणखी कोण सांपडूं शकतो, आणि मारणारा आपलें कृत्य चारचौघांत सांगूं शकतो काय? फास, वीज व स्फोटक या तिहींपैकीं एकाही प्रश्नाला तोंड देऊं शकत नाहींत.

भरल्या पोटीं अशी कसोटी लावणें सोपें, असा आक्षेप कोणी घेईल. तो आक्षेप खरा आहे. मात्र त्यानें फास निर्दोष ठरत नाहीं, दोषाचे वांटेकरी तेवढे वाढतात. रान राहावें, रानांतील जनावर राहावें, ही इच्छा आपणां सुशिक्षितांची. तिची किंमत मात्र मोखाड्याच्या शेतकऱ्यानें आपल्या नागलीनें भरावी, हा कोठला न्याय? भरपाई हंगाम सरण्यापूर्वीं मिळणें, कुंपण सार्वजनिक खर्चानें होणें, आणि मारणें अटळ असेल तेथें तें परवान्यानें, उघडपणें व जाणत्या हातानें होणें, हें त्याच्यावरचे उपकार नव्हेत. तें आपलें देणें आहे. देणें थकवून ऋणकोनें धनकोला अहिंसा शिकवावी, हें शोभत नाहीं. तें फेडलें म्हणजे मग त्याच्या हातांतील तार खालीं ठेवण्यास सांगण्याचा अधिकार आपणांस येईल, आणि तो ती ठेवीलही, असा आमचा विश्वास आहे. कारण रात्रभर ओढणाऱ्या जनावराचा आवाज त्याच्या झोंपडींत ऐकूं जातो, आपल्या घरीं तो येत नाहीं.