श्रेय पाचांचे, जबाबदारी एकाची

मनुष्याच्या हातून एखादे कर्म घडते तेव्हा त्याचे श्रेय किंवा त्याचा दोष नेमका कोणाच्या खाती मांडावा, हा प्रश्न धर्मविचाराइतकाच जुना आहे आणि अद्यापि मिटलेला नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याचे उत्तर एका नावाने न देता पाच नावांनी दिले आहे: कर्म जेथे उभे राहते ते अधिष्ठान, कर्म करणारा कर्ता, त्याची नाना साधने, त्याचे विविध व्यापार आणि पाचवे दैव, ही पाच कारणे एकत्र आल्यावाचून कोणतेही कर्म सिद्धीस जात नाही; आणि असे असता जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नव्हे, असा त्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. ज्या निवृत्तिनाथांची समाधी नाशिकपासून काही कोसांवर त्र्यंबकेश्वरी आहे, त्यांच्या शिष्याने शके १२१२ मध्ये ह्याच अध्यायाचा विस्तार मराठीत केला; आणि पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी येणारा वारकरी ‘मी केले’ असे म्हणताना जो किंचित अडखळतो, तो त्याच संस्कारामुळे.

हा सिद्धान्त मान्य करणे सोपे, पण अनुभवास येणे कठीण, आणि ह्याचे एक कारण आपल्या भूमीतच आहे. नाशिकचा मुलूख लाव्हारसाच्या थरांनी घडलेल्या काळ्या कातळाचा. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या कड्यात खोदलेल्या पायऱ्या, कडेच्या खोबणींत बोटे रोवून, जो चढून जातो तो खाली आल्यावर ‘मी गड चढलो’ असे सांगतो. ज्या दगडाने शतकानुशतके आपली जागा सोडली नाही आणि ज्या अनामिक पाथरवटांनी त्यात पाऊल ठेवण्यापुरता आसरा निर्माण केला, त्यांचा उल्लेख त्या वाक्यात येत नाही. भूमी इतकी इमानी असली की ती हिशेबातून गळते, आणि तिचा गळालेला वाटा कर्त्याचा अहंकार बिनबोभाट आपल्या नावे चढवून घेतो. तेव्हा ह्या पंचकाची परीक्षा करावयाची तर जेथे भूमीचाच भरवसा नाही अशा ठिकाणी ती केली पाहिजे. आणि त्या दृष्टीने खोल, भुसभुशीत हिमावर चालणारे आधुनिक डोंगरी स्नोमोबाइल हे यंत्र, नाशिककराला सर्वस्वी परके असले तरी, मला विचारास अत्यंत सोयीचे वाटते. आमच्याकडे हिमाची ओळख निफाडच्या द्राक्षबागांत कडाक्याच्या थंडीत पानांवर गोठलेल्या दवापुरती, आणि फार तर गुलमर्गच्या सहलीत स्थानिक चालकाच्या पाठीमागे बसून स्नो स्कूटरवरून मारलेल्या एका फेरीपुरती. परंतु ती फेरी दाबून घट्ट झालेल्या बर्फावरची असते, आणि घट्ट बर्फ हा ह्या विषयापुरता कातळाचाच भाऊबंद होय. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे. तो येथे भूमीपर्यंत विस्तारण्याची मुभा मी घेत आहे.

नुकत्याच पडलेल्या हिमात दहांतील नऊ भाग, आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक, केवळ हवा असते. अशा हिमात पायी चालणारा मनुष्य कमरेपर्यंत रुततो. मग दोनशे किलोंच्या आगेमागे वजन असलेले यंत्र, वर स्वाराला घेऊन, त्यावरून डोंगर चढते ते कसे? पुढे दोन स्की आणि मागे एकच लांबलचक रबरी पट्टा, अशी ह्या वाहनाची रचना असते. डोंगरी जातीच्या यंत्रात हा पट्टा सामान्यतः १५४ ते १७५ इंच लांबीचा असून त्यावर अडीच ते तीन इंच उंचीची वल्ह्यांसारखी पाती उभारलेली असतात. लांब पट्ट्यामुळे भार अधिक क्षेत्रावर विभागला जातो आणि पात्यांमुळे सैल हिमावर रेटा देता येतो, हे तर खरेच. परंतु मुख्य रहस्य गतीत आहे. उभे राहिलेले यंत्र खाली बसते. चालू लागलेले यंत्र पायाखालचे हिम दाबीत, त्याचा क्षणापुरता आधार करून घेत, पृष्ठभागाकडे उचलले जाते. येथे भूमी आधी आणि कर्म मागाहून असा क्रम उरत नाही. अधिष्ठान व व्यापार ही दोन कारणे, जी ग्रंथात पृथक् मोजली आहेत, ती प्रत्यक्षात एकमेकांना जन्म देताना दिसतात.

साधनाच्या बाबतीतही असाच बोध होतो. आपण यंत्राच्या गुणावगुणांविषयी बोलतो ते जणू काय ते गुण त्याच्या लोखंडातच मुरलेले असावेत अशा थाटात. डोंगरी स्नोमोबाइलच्या दोन स्कींमधील अंतर मुद्दाम कमी ठेवलेले असते, सुमारे ३६ इंच, म्हणजे सपाट वाटेवरच्या यंत्रापेक्षा बरेच अरुंद; त्यामुळे घट्ट रस्त्यावर ते डगमगते आणि वळणावर कलंडू पाहते, परंतु खोल हिमात स्वाराने किंचित भार टाकताच ते हव्या त्या कुशीवर झुकते. एकच रचना एके ठिकाणी दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण ठरते. त्याहून विलक्षण गोष्ट शीतलीकरणाची. इंजिनातून तापून आलेले द्रव यंत्राच्या पोटाखालच्या नळ्यांतून फिरते, आणि पट्ट्याने मागून उडविलेले हिम त्या नळ्यांवर आदळून त्यास थंड करते. म्हणून निव्वळ कठीण बर्फावर, जेथे उडावयास सैल हिम नाही, तेथे हे यंत्र भोवती गारठा असूनही तापू लागते. जे हिम त्याला गिळू पाहते तेच त्याला जिवंत ठेवते. उंचीचा प्रभाव तर सर्वज्ञात आहे: दर हजार फुटांस इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणून दहा हजार फुटांवर १६५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हवेनेच वसूल केलेला असतो. स्की-डू कंपनीने २०२०च्या मॉडेलात कारखान्यातूनच टर्बो बसविलेले टू-स्ट्रोक इंजिन दिले ते ही तूट भरून काढण्यासाठी. आणि ज्यांच्यापाशी टर्बो नाही ते क्लचमधील वजने उंचीनुसार बदलून तडजोड करतात. साधनाचे सामर्थ्य हे केवळ साधनाचे नसून वाऱ्याने, उंचीने आणि हिमाने त्याला दिलेल्या सनदेपुरतेच असते, असा ह्या सर्वांचा इत्यर्थ.

ह्या साधनाच्या मुळाशी एका बापाचे दुःख आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या व्हॅलकोर्ट गावचा कारागीर जोसेफ-आर्मां बाँबार्डिए ह्याचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने दगावला, कारण हिमाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला इस्पितळात नेता आले नाही. त्याच बाँबार्डिएने १९३७ मध्ये दातेरी चाक व पट्टा ह्या यंत्रणेचे पेटंट मिळविले आणि १९५९ मध्ये एकट्यादुकट्याचे हलके स्नोमोबाइल बाजारात आणले. रुग्णाला वाट मिळावी ह्या तळमळीशी ज्याच्या घडणीचा संबंध आहे ते यंत्र आज प्रामुख्याने क्रीडेचे वाहन झाले आहे, ह्यात निषेध करण्याजोगे काही नाही. पण साधन आपल्यापूर्वीच्या कोणाची तरी वेदना व बुद्धी घेऊन आपल्या हाती येते, ही जाणीव सुटू नये. खंडेनवमीस सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथला झेंडूची माळ घालणारा कामगार, किंवा नव्या मोटारीपुढे नारळ फोडणारा गृहस्थ, ह्यांना अंधश्रद्ध म्हणून हसण्याची सुशिक्षितांत वहिवाट पडली आहे. ती पूजा अपघाताविरुद्धचा विमा समजून केली तर हास्यास्पद आहेच. परंतु ‘ह्या कामात मी एकटा नाही’ असा कबुलीजबाब म्हणून केली, तर तिच्याइतके अचूक तत्त्वज्ञान पुष्कळ ग्रंथांतही सापडणार नाही.

आता व्यापाराकडे, म्हणजे प्रत्यक्ष हाकण्याच्या कौशल्याकडे वळू. खोल हिमात हँडल वळविल्याने यंत्र वळेलच असे नाही, कारण स्कींना ज्याच्यावर जोर द्यावा असे काही टणक तेथे नसते. डावीकडे जावयाचे तर जाणता स्वार उभा राहून आपला भार डाव्या पायफळीवर टाकतो, हँडल उलट उजवीकडे वळवितो, थ्रॉटलला एक मोजका झटका देतो, आणि यंत्र डाव्या कुशीवर झुकून आपल्याच कडेवर वळण कापीत जाते. उतार आडवा कापताना डोंगराकडची कड हिमात रुतवून ठेवावी लागते. यंत्र सपाट झाले की ते खाली घसरू लागते, म्हणून समतोल म्हणजे स्थिरता नव्हे, तर क्षणोक्षणी चाललेली दुरुस्ती होय, हे तेथे शरीरालाच शिकावे लागते. थांबावयाचे झाल्यास तोंड उताराकडे करून थांबावे, म्हणजे पुन्हा निघताना डोंगराशी झगडावे लागत नाही. आणि यंत्र रुतलेच तर नवशिका जे पहिल्याने करतो तेच सर्वांत घातक असते: तो थ्रॉटल दाबून धरतो, पट्टा जागच्या जागी फिरत राहतो, आणि ज्या शक्तीच्या भरवशावर बाहेर पडावयाचे तीच शक्ती त्याच्यासाठी खोल चर खणते. अनुभवी मनुष्य इंजिन शांत करून खाली उतरतो, फावड्याने भोवतालचे हिम काढतो, यंत्र कुशीवर पाडून खालचा खड्डा भरतो, पुढची वाट पायांनी तुडवून घट्ट करतो, आणि मगच हलकेच निघतो. आधार नाहीसा झाल्यावर कर्तृत्वाचा जोर वाढविणारा अधिक रुततो. जो आधार पुन्हा घडवितो तोच सुटतो. साधकाच्या आणि संसारी माणसाच्या इतिहासात ह्या नियमाचे दाखले कमी नाहीत.

राहिले दैव. डोंगरी हिमावर त्याचे रूप म्हणजे हिमस्खलन. वरवर पाहता ते आकाशातून कोसळलेले संकट भासते. परंतु त्याची घडण पुष्कळदा कित्येक आठवडे आधी झालेली असते. एका थंड, निरभ्र काळात तयार झालेला दुर्बल थर पुढच्या हिमवर्षावाखाली गाडला जातो, आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर वरची लादी त्या दुर्बल थरावर नुसती टेकून राहते, पुढे कोणाच्या तरी भाराने तुटावयास. प्राणघातक ठरलेल्या बहुतेक अपघातांत ती लादी गाडल्या गेलेल्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यानेच तोडलेली असते. म्हणजे येथे दैव हे अकारण नव्हे. ती आपल्या नजरेआड साठलेली कारणपरंपरा आहे, आणि तिला शेवटचा स्पर्श आपल्याच हाताचा होतो. अर्थात असाही प्रसंग असतो की जेथे माणसाने काहीच आगळीक केलेली नसते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवर, १९,००० फुटांहून अधिक उंचीच्या सोनम ठाण्यावर, हिमाचा प्रचंड लोट येऊन दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याच्या माणदेशचाही एक होता. सहा दिवसांनी एक जवान जिवंत सापडला, तोही ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या इस्पितळात निवर्तला. ते तेथे हौसेने नव्हे, हुकुमाने व कर्तव्याने उभे होते. नाशिकच्या गांधीनगरात लष्कराच्या हवाई विभागाचे प्रशिक्षण विद्यालय आहे आणि हेलिकॉप्टरने हिमशिखरांकडे झेपावणारे लष्करी वैमानिक तेथे घडतात, हे ध्यानी घेतले तर ही हिमाची भूमी नाशिकला वाटते तितकी दूरही नाही. अशा मृत्यूंना ‘प्रारब्ध’ म्हणून हिशेब बंद करणे मला क्रूर वाटते. आणि त्यांना केवळ चूक म्हणणे त्याहून क्रूर.

येथे एक आक्षेप अपरिहार्यपणे उभा राहतो. कर्माची कारणे पाच असतील आणि कर्ता त्यांतील केवळ एक असेल, तर त्याची जबाबदारीही एक-पंचमांशच ठरणार नाही काय? हिम दुर्बल होते, यंत्र जड होते, वारा प्रतिकूल होता, दैव फिरले. मग स्वाराने आपल्या सोबत्यांना धोक्यात लोटले ह्याबद्दल त्याला जाब कोणी विचारावा? गीतेचा आधार घेऊन निष्क्रियता किंवा बेफिकिरी पोसणाऱ्यांनी हा युक्तिवाद वारंवार केला आहे. त्यातील दोष असा की, श्रेय आणि जबाबदारी ह्या एकाच मापाने वाटावयाच्या वस्तू आहेत असे त्यात गृहीत धरले आहे. हिमाला आपण दुर्बल आहोत हे ठाऊक नसते. यंत्राला उतार ओळखता येत नाही. व्यापार स्वतःहून थांबत नाही. दैवावर समन्स बजावण्याची सोय कोणत्याही कचेरीत नाही. ह्या पाच भागीदारांत ज्याला जाणता येते आणि ज्याला नकार देता येतो असा एकच आहे. म्हणून नफ्याची वाटणी पाचांत करणे न्याय्य असले, तरी जामीन एकट्या कर्त्यालाच राहावे लागते.

आणि ही विषम वाटणी अन्याय्य वाटत असेल, तर तिच्यातील दुसरी बाजूही पाहावी. ज्याने चार भागीदारांचे अस्तित्व मनापासून मान्य केले आहे तोच वर चढण्यापूर्वी हिमाचा थर खणून तपासतो, सोबत्याच्या अंगावर संदेशयंत्र आणि पाठीवर फावडे आहे की नाही हे पाहतो, आणि कित्येकदा चढण्याजोगा दिसणारा उतार तसाच सोडून माघारी फिरतो. हे माघारी फिरणे कोणाच्या वर्णनात येत नाही, त्याचे कौतुक होत नाही, कारण त्यातून काही घडलेले दिसत नाही. परंतु अकर्त्याच्या भावनेने केलेले कर्म म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी ह्याच कृतीकडे बोट दाखवीन. स्वतःला एकटा कर्ता समजणारा मनुष्य ती करू शकत नाही, कारण उतार सोडणे त्याला पराभव वाटतो. आणि सारे दैवावर टाकणाराही ती करू शकत नाही, कारण त्याला उतार तपासण्याचे प्रयोजनच उरत नाही.