हक्क दिलेला की मुळातच असलेला?



घटनादुरुस्ती म्हटले की तो वकिलांचा विषय समजून आपण पान उलटतो. पण १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आजही आपल्या प्रत्येकाला लागू आहे. आणीबाणी जाहीर झाली तरी कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागणे थांबविता येणार नाही, असे तिने ठरविले.

हे लिहून का ठेवावे लागले? १९७५ च्या आणीबाणीत हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात होती. त्यांना दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले, एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाला ठार केले तर? आणीबाणी असेपर्यंत न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर सरकारी बाजूने आले. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचेच म्हणणे मान्य केले. विरोधी मत एकट्या खन्नांचे. पुढे १९७७ मध्ये ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश नेमले गेले.

बहुमताचा आधार असा, की हा हक्क कलम २१ मध्येच आहे. ते कलम थांबले की हक्कही थांबला. आम्हांला हे पटत नाही. जन्मदाखला हरवला म्हणून मूल जन्मलेच नाही, असे होत नाही. राज्य हक्काची नोंद करते, तो निर्माण करीत नाही. संत थॉमस अक्विनास यांच्या परंपरेतील नैसर्गिक कायद्याचा विचार हाच. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरविला. तसे लिहिणारे धनंजय चंद्रचूड. त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड १९७६ च्या त्या चौघांत होते!

मग हक्क मुळातच असेल तर दुरुस्ती कशाला? कारण कोठडीतला माणूस तुरुंगाधिकाऱ्यापुढे तत्त्वज्ञान ठेवू शकत नाही. त्याला कागद लागतो.

आणि कागदही नेहमी पुरत नाही. सल्लागार मंडळाच्या मताविना एखाद्याला तीन महिने स्थानबद्ध ठेवता येते. ही मुदत याच दुरुस्तीने दोन महिन्यांवर आणली होती. पण ते कलम कधी लागू करायचे, हे सरकारवर सोपविले गेले. तारीख ठरविण्याचा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नकार दिला. त्यानंतर अनेक पक्षांची सरकारे आली आणि गेली. ती तारीख कोणीही ठरविलेली नाही.