कुणाची जागा?

सुटीत गोव्याला जायचे ठरले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. पुतण्याचा पक्ष विमानाचा. त्याचे गणित सरळ असते : मुंबईहून गोव्याला विमान सव्वा तासात पोहोचते, गाडीला आठ ते बारा तास लागतात, चार दिवसांच्या रजेतला एक अख्खा दिवस रुळांवर घालवणे हा शुद्ध अपव्यय होय. आमच्या सौभाग्यवतींचा पक्ष आगगाडीचा. त्यांच्यापाशी गणित नसते. खिडकी असते, डब्यात दशम्या असतात आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईशी तासाभरात जुळणारे नाते असते. मी घरातला वडीलधारा, तेव्हा न्यायाधीशाची खुर्ची आपसूक माझ्याकडे येते. ती खुर्ची दिसते तितकी सुखाची नाही.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. आम्ही राहतो डोंबिवलीला. तेथून विमानतळावर पोहोचायला दीड-दोन तास. विमान सुटण्याच्या दोन तास आधी हजेरी. सव्वा तासाचे उड्डाण. उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी अर्धा तास. आणि पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळावरून पणजीपर्यंत आणखी तासभर. सव्वा तासाचे असे साडेसहा तास होतात. इकडे २०२३ साली सुरू झालेली वंदे भारत गाडी पावसाळा सोडून एरवी सुमारे आठ तासांत मडगाव गाठते. रात्रीची गाडी बारा तास घेत असली, तरी त्यांतले सात-आठ तास झोपेतच जातात, आणि ते घरी राहिलो असतो तरी झोपेतच गेले असते. तेव्हा पुतण्याने आयुष्यातला एक दिवस वाचवला असे नाही. फार तर दोन-चार तास वाचवले. ते तास तो गोव्याच्या किनाऱ्यावर मोबाईल पाहण्यात घालवतो, हा भाग निराळा!

काळाचा हिशेब मिटला की धुराचा निघतो. हा हिशेब अधिक अवघड, कारण तो आपल्या खिशातून जात नाही. विमानाला सर्वांत जोर लागतो तो वर चढताना. प्रवास जितका आखूड, तितका त्या चढाईचा भार दर किलोमीटरमागे जास्त पडतो. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून संपूर्ण विजेवर चालतो. ती वीजही बहुतांशी कोळसा जाळूनच येते, तेव्हा गाडीला निष्पाप म्हणता येणार नाही. तथापि एका इंजिनामागे हजाराहून अधिक माणसे जातात, आणि माणशी वाटणी केली तर गाडीच्या पदरी पाप कितीतरी कमी येते. फ्रान्सने २०२३ साली कायदाच लागू केला : जेथे गाडीने अडीच तासांच्या आत जाता येते, अशा काही मार्गांवरची विमाने बंद. आपल्याकडे तो नियम आणला, तरी मुंबई-गोवा त्यातून सुटेल. आपली गाडी आठ तास घेते. कायदा जेथे थांबतो, तेथे ज्याच्या त्याच्या मनाचे काम सुरू होते.

येथवर माझा निकाल सौभाग्यवतींच्या बाजूने झुकलेला होता. त्यात आणखी एका विचाराची भर पडे. विमानातून जाणाऱ्याला मुंबई आणि गोवा ही दोन टिंबे दिसतात; मधला मुलूख म्हणजे ढगांखालची हिरवी घडी. गाडीतून जाणाऱ्याला तो मुलूख ओलांडावा लागतो. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल दरीपासून ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग सर्व लांबीभर खुला झाला, त्यामागे हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत आणि बांधकामात दगावलेल्या सत्तरहून अधिक माणसांचे प्राण आहेत. ज्याने आपल्याला वाट दिली, त्याचे अंगण निदान डोळ्यांनी पाहून जावे, ही साधी रीत झाली. गाडी ती रीत आपोआप पाळते, असे मी म्हणत असे.

पण एके दिवशी शेजारच्या गृहस्थांनी हा सारा युक्तिवाद ऐकून घेतला. ते मूळचे राजापूरकडचे. गावी घर आहे, घरात ऐंशी वर्षांची आई आहे आणि दरवर्षीचा गणपती आहे. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं सगळं खरं. पण एक विचारू? तुम्हांला विमानाचं तिकीट परवडतं. मला परवडत नाही; आणि परवडलं, तरी विमान काही राजापूरला उतरत नाही. सणाच्या दिवसांत तुम्ही गाडीने गेलात, की माझी एक जागा गेली."

बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. चतुर्थीच्या वेळी रेल्वे जादा गाड्या सोडते, शेकडो फेऱ्या करते. तरी आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत यादी भरते. ज्याला जागा मिळत नाही, तो दाराशी वळकटीवर बसून रात्र काढतो किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने बसमधून जातो. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी कोकणच्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तो अशाच माणसाला गाव जवळ यावे म्हणून. आणि त्याच गाडीत, धूर कमी व्हावा या उदात्त हेतूने, खिडकीची जागा धरून मी निसर्गशोभा पाहणार! पुण्य करायला निघालेल्याने दुसऱ्याच्या ताटातले वाढून घेण्यासारखेच झाले हे.

यावर पुतण्याला हर्ष झाला. "म्हणजे विमानच बरं!" तो म्हणाला. परंतु तेही खरे नव्हे. गाडीत मी एका माणसाची जागा घेतो, ती माणसे मला दिसतात. हवेत मी ज्यांची जागा घेतो, ती दिसत नाहीत, एवढाच फरक. त्यांतली काही तर अजून जन्मालाही आलेली नाहीत. दोन वाहनांतले एक शुद्ध आणि एक अशुद्ध अशी वाटणी मनाला सोयीची असते. म्हणूनच तिच्याविषयी संशय घ्यावा.

मला वाटते, प्रश्न वाहनाचा नाही, गरजेचा आहे. गावी आई अत्यवस्थ आहे अशा माणसाने विमानाने जावे. त्याला धुराचा हिशेब विचारणारा मी कोण? गुडघे साथ देत नाहीत अशा आजीबाईंनीही जावे. पण ज्याला फक्त हौस म्हणून जायचे आहे, त्याच्यापाशी एक श्रीमंती आहे, ती चाकरमान्याकडे नाही : त्याला दिवस निवडता येतो. हौशीची सुटी महिनाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही. गणपती कुणाच्या सवडीने येत नाहीत. तेव्हा हौशी माणसाने गाडीनेच जावे. मात्र सणाचे आठवडे सोडून, मधल्या वारी, रिकाम्या दिवसांत. गोवा तेव्हाही तेथेच असतो. समुद्र तर असतोच.

कोणी म्हणेल, तुम्ही सोडलेली जागा राजापूरच्याच माणसाला मिळेल कशावरून? आणखी एखादा सहलीचा गडीच ती पटकावील. पटकावीलही. पण अरुंद बोळात बाजूला होणारा माणूस, मागून कोण येणार याची हमी मागत नाही. बाजूला होणे एवढेच त्याच्या हाती असते.

असो. दिवाळीच्या सुटीचे बेत एव्हाना आपल्याही घरी शिजत असतील. वेळ किती लागेल, पैसे किती पडतील, हे आपण विचारालच. त्यांच्या जोडीला हा तिसरा प्रश्न घरातल्या मुलांपुढे एकदा ठेवून पाहा. आमच्याकडे त्यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी पुतण्यानेच जानेवारीतल्या एका मंगळवारची गाडीची तिकिटे काढली.