धाडस आणि विवेक : बर्फावरचा पहिला धडा

बाळकुम गावाने पिढ्यान्‌पिढ्या खाडी पाहिली, भातखाचरे पाहिली, पश्चिमेला येऊरचे डोंगर पाहिले. बर्फ मात्र पाहिला तो मासळीच्या टोपलीतला. असे असूनही आमच्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणी माहुली, मलंगगड, नाणेघाट पालथे घालून झाल्यावर आता हिमालयाची भाषा बोलू लागली आहेत. उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला जाऊन बर्फावरचे गिर्यारोहण शिकावे, अशी त्यांची इच्छा असते. मग घरात प्रश्न उभा राहतो. आई विचारते, "देवाने दिलेला धडधाकट जीव उगाच बर्फाच्या कड्यावर कशाला न्यायचा? ही देवाची परीक्षा पाहणे नव्हे काय?" हा प्रश्न भित्रेपणाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे आणि, वाचकहो, त्याचा विचार नीतीच्या अंगानेच करावयास हवा.

शुभवर्तमानात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान सुचवतो तेव्हा प्रभू येशू स्पष्ट नकार देतो. देवाच्या भरवशावर बेफिकीर होणे ही श्रद्धा नव्हे, हे आपण तेथे शिकतो. परंतु त्याच शुभवर्तमानात धन्याचे द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचीही कथा आहे. त्याने काहीच गमावले नाही, तरी धन्याने त्याला दोष दिला. आपले जीवन ही आपली मालमत्ता नाही. आपण तिचे कारभारी आहोत. कारभाऱ्याने ठेव उधळता कामा नये, तशीच ती पुरूनही ठेवता कामा नये. यांतील सीमारेषा कोठे काढावयाची, हाच खरा प्रश्न आहे.

ख्रिस्तसभेला पर्वतांचे वावडे कधीच नव्हते. पुढे अकरावे पायस म्हणून १९२२ साली परमगुरुपदी आलेले फादर आकिल्ले रात्ती हे कसलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते आपल्या एका धर्मगुरू मित्रासह व दोन वाटाड्यांसह इटलीच्या बाजूने मोंटे रोझा पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर चढले. कडाक्याच्या थंडीत एका अरुंद खडकावर, झोप येऊ न देता, त्यांना अख्खी रात्र काढावी लागली. अशा मनुष्याने लिहून ठेवले आहे की, गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणे नसून तो मुख्यतः विवेकाचा विषय आहे. १९२३ साली त्यांनी मेंथॉनच्या संत बर्नार्डला गिर्यारोहकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. या निवडीकडे लक्ष द्यावे. अकराव्या शतकातील हा संत शिखरे जिंकणारा नव्हता. आल्प्सच्या बर्फाळ खिंडीत वाट चुकलेल्या प्रवाशांसाठी त्याने आश्रयगृहे उभारली होती.

आता बर्फावर नवशिक्याला प्रत्यक्षात काय शिकवतात ते पाहू. दार्जिलिंगची संस्था १९५४ साली स्थापन झाली व तेनसिंग नोर्गे यांनी तेथे प्रशिक्षणाची धुरा वाहिली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. उत्तरकाशीचा प्राथमिक अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा असतो. प्रथम टेखला येथील खडकांवर सराव होतो, मग डोक्राणी हिमनदीकडे प्रयाण. आमच्या सह्याद्रीत मुरलेल्या मुलालाही तेथे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागते. घाम, पाऊस आणि शेवाळ यांच्याशी त्याची ओळख असते. विरळ हवा, हिमदंश आणि बर्फाखाली दडलेल्या हिमभेगा त्याला अनोळखी असतात. उन्हाने बर्फ मऊ होण्यापूर्वी परत फिरता यावे म्हणून अनेकदा मध्यरात्रीनंतर निघावे लागते. साधारणपणे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचे भय सर्वाधिक, आणि नेमका तोच उतार नवशिक्याला चढण्याजोगा वाटतो.

पहिल्या धड्यांपैकी एक धडा पडण्याचा असतो. ज्याच्याखाली खडक वा कडा नाही असा उतार निवडतात आणि शिकणाऱ्याला मुद्दाम घसरायला लावतात. घसरताच पालथे व्हायचे, हिमकुऱ्हाडीचे टोक खांद्याजवळ बर्फात रुतवायचे आणि अंगाचा सारा भार तिच्यावर टाकायचा. बुटांना क्रॅम्पॉनचे पोलादी दात बांधलेले असतील तर गुडघे वाकवून पाय वर धरायचे. नाहीतर ते दात बर्फात अडकतात आणि माणूस उलटापालटा होतो. हे सर्व पहिल्या काही क्षणांत साधावे लागते, कारण टणक बर्फावर वेग झपाट्याने वाढतो. विचार करायला तेव्हा सवड नसते. हाताला आधीच वळण लागलेले असावे लागते. आणि माणसे एका दोराला बांधलेली असतील तर एकाच्या घसरण्याने बाकीचे खेचले जातात. तेथे "माझा जीव, मी काय वाटेल ते करीन" हे वाक्य निरर्थक ठरते. माझे अज्ञान माझ्या मागच्याच्या जिवावर बेतते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना त्यांत शिकून घेण्याच्या वृत्तीचा समावेश केला आहे. विवेकाच्या बाबतीत कोणीही स्वयंपूर्ण नसतो, इतरांकडून, विशेषतः अनुभवी वडीलधाऱ्यांकडून, शिकावेच लागते, असे त्यांचे प्रतिपादन. आमच्या मते सीमारेषा येथेच आहे. धोका किती मोठा, एवढ्यावरून कृतीची नैतिकता ठरत नाही. धोका ओळखणाऱ्यांकडून शिकण्याची आपली तयारी आहे की नाही, हेही पाहावे लागते. पावसाळ्यात धबधब्याच्या काठावर छायाचित्रासाठी उभा राहणारा तरुण हिमालयातील शिकाऊ विद्यार्थ्यापेक्षा देवाची परीक्षा अधिक पाहत असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराजवळ याच उत्तरकाशीच्या संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत सविता कंसवाल ही प्रशिक्षिका होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. ही माणसे अडाणी नव्हती, उद्धट नव्हती. ती शिकत होती आणि शिकवत होती. मग शिक्षणाचा उपयोग काय?

या दुःखापुढे आम्ही सोपे उत्तर देऊ इच्छित नाही. शिक्षण म्हणजे सुरक्षिततेची पावती नव्हे, एवढे मात्र मान्य करावे लागते. आपण शिकतो ते मृत्यू टळेलच म्हणून नव्हे. ठेव सांभाळणे हे कर्तव्य आहे म्हणून. आणि कर्तव्य चोख बजावूनही जे उरते, ते प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीनुसार तोलावयाचे असते. ज्याच्यावर तान्ही मुले वा आजारी आईवडील अवलंबून आहेत, त्याने विशीतल्या अविवाहित तरुणाएवढा धोका पत्करू नये. हा भित्रेपणा नव्हे. त्याच्या दोराला अधिक माणसे बांधलेली आहेत.

परतण्याचा निर्णय ही या विद्येची सर्वांत अवघड परीक्षा. मे १९९६ मध्ये योरान क्रॉप हा स्वीडनहून सायकलने निघालेला गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यापासून सुमारे शंभर मीटरवरून माघारी वळला. उशीर झाला होता आणि उतरणे धोक्याचे ठरले असते. पुढच्याच आठवड्यात, १० व ११ मे रोजी, वादळाने त्या पर्वतावर आठ जणांचा बळी घेतला. क्रॉप त्याच महिन्यात पुन्हा चढला आणि शिखरावर पोहोचला. चाल करून जाण्यापेक्षा सोसणे व स्थिर राहणे यांत धैर्याची अधिक कसोटी लागते, असेही संत थॉमस सांगतात. शंभर मीटरवरून वळलेल्या पावलांत ती कसोटी दिसते.

म्हणून मुला-मुलींनी हा विषय घरी काढला तर आईवडिलांनी एकदम 'नाही' म्हणू नये आणि कौतुकाने 'हो'ही म्हणू नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : तुला शिकवणार कोण? परत फिरण्याचा शब्द कोणाचा, आणि तो तू ऐकशील काय? तुझ्यावर कोण अवलंबून आहे? चौथी जबाबदारी घरच्यांची आहे. शिखर न गाठता मूल घरी आले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत "मग गेलास कशाला?" असे त्याला कोणी विचारू नये. अशा एका बोलाची आठवण उद्या एखाद्या उतारावर त्याला पुढे ढकलू शकते. दारात उभे राहून त्याच्या पाठीवरची पिशवी उतरवून घ्यावी आणि जेवायला वाढावे.